सेवेचा रकाना

निवृत्त झाल्यावर माणसाने निदान सहा महिने कुणाच्या नजरेत येऊ नये. मला ते जमलं नाही. रुग्णालयातली एकतीस वर्षांची नोकरी संपली, त्यातली शेवटची अकरा वर्षं मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. घरी बसल्यानंतरच्या तिसऱ्याच रविवारी उपासना संपल्यावर मी चर्चमधल्या खुर्च्या रांगेत लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं, वाकड्या रांगा बघवत नाहीत म्हणून. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ते पाहिलं आणि पुढच्या सभेत मला मंडळीची चिटणीस करून टाकलं. "आता काय सिस्टर, तुम्हाला वेळच वेळ," असं वर म्हणाले.

मंडळी म्हणजे आमच्या बोलीत चर्चचे सभासद, सगळे मिळून. रत्नागिरीत आम्ही मूठभर घरं. त्यातही काम करणारे सहाच. तोच पेटी वाजवणार, तीच शास्त्रपाठ वाचणार, तेच दोघे दानाच्या थैल्या फिरवणार. बाकीचे येणार, गाणार, दारात आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम करणार आणि मासळी संपायच्या आत बाजार गाठणार. मला याचा राग यायचा. मी मुळातच रागीट. वॉर्डात माझी चप्पल वाजली की पेशंटचे नातेवाईक खाटांवरून आपोआप उठायचे.

म्हणून मी फॉर्म काढला. माझा फॉर्मवर विश्वास आहे. कागदावर रकाना असला की माणसाला तो मोकळा सोडताना लाज वाटते. नाव, घर, फोन, आणि चौथा रकाना : आपली सेवा. आमच्यात सेवा म्हणजे देवासाठी केलेलं काम. मला अपेक्षा होती की लोक लिहितील, फुलं लावीन, संडे स्कूल घेईन, छताची जळमटं काढीन.

आठवड्याने फॉर्म परत आले. कुकर लावून मी ओट्याशी उभ्या उभ्या वाचायला घेतले. कचेरीत शिपाई म्हणून राहिलेल्या एका गृहस्थाने लिहिलं होतं, "सेवानिवृत्त." दुसऱ्या, कारकून असलेल्याने, "सेवा तेहतीस वर्षे, एकही वाईट शेरा नाही." एका शिक्षिकेने, "सेवा मध्यंतरी खंडित, प्रकरण वरती पाठवले आहे." गॅरेज चालवणाऱ्याने लिहिलं होतं, "सेवा नाही, स्वतःचा धंदा." आणि स्टँडजवळ राहणाऱ्या एका विधवा बाईंनी, "मी कसली सेवा करणार, गुडघे दुखतात."

आधी मला हसू आलं. मग वाटलं, जन्मभर प्रवचनं ऐकून ह्यांना सेवा म्हटल्यावर नोकरीचं सर्व्हिस बुकच आठवावं? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मी मोजायचं विसरले आणि डाळीचा पार लगदा झाला.

शेवटचा फॉर्म बसच्या कंडक्टरचा होता. चाळिशीची बाई, घरात सासू आणि दोन मुली. तिने लिहिलं होतं, "सेवा : चालू. वाहक. रविवारी सुट्टी मिळत नाही. क्षमा असावी."

ही बाई वर्षभरात चार रविवारसुद्धा चर्चला आली नव्हती. शिवाय तिच्याबद्दल महिला मंडळात कुजबुज होती. बाजारात एका दुकानातून ती टिकल्यांची पाकिटं घेताना दोघींनी पाहिली होती, तीही डझनाने. आमच्या बायका टिकली लावत नाहीत. तेव्हा ही ड्युटीवर टिकली लावून फिरते, चर्चला तोंड दाखवायला हिला लाज वाटते, असा निकाल परस्पर लागला होता. मी त्या कुजबुजीत बोलले नाही, पण कुणाला गप्पही केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते निम्मं पटलं होतं.

"क्षमा असावी" हे शब्द मात्र मला टोचले. क्षमा मागायची तर समोर येऊन मागावी, असा विचार करून मी बुधवारी सकाळी स्टँडवर गेले आणि तिच्याच गाडीत चढले. मालगुंडवरून जयगडला जाणारी गाडी. ती मला पाहून दचकली, सलाम म्हणाली आणि कुठलं तिकीट विचारलं. मी म्हटलं, शेवटपर्यंतचं. बायकांचं अर्धं तिकीट तिने फाडून दिलं आणि पुढे गेली. कपाळ कोरं होतं.

तिला सुनावायची चार वाक्यं मी मनात घोळवून ठेवली होती. पण गाडीत गर्दी. जयगडच्या बंदरावर कामाला जाणारी पोरं, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका, बँकेची कामं उरकून निघालेले म्हातारे. मालगुंड मागे पडून गाडी वरच्या कातळाच्या सड्यावर चढली, तशी मी उठून तिच्याजवळच्या सीटवर जाऊन बसले. पहिलं वाक्य तोंडात आलं आणि गाडी थांबली.

तीन रस्त्यांचा तिठा होता. एक म्हातारी काठी टेकून उभी होती. ती गाडीत चढली नाही. कंडक्टरने दार उघडून एक कागदी पुडकं तिच्या हातात दिलं, तिच्याकडून चुरगळलेली चिठ्ठी आणि थोडे पैसे घेतले. "आजी, तांबडी सकाळी, काळी रातच्याला. जेवल्यावर," एवढंच बोलली. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबला होता. मग पुढच्या वाडीला एक म्हातारा. त्याच्या पुढे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या तळाशी दोघी जावा, एकीच्या पायाला फडकं बांधलेलं. सगळ्यांना पुडकी.

चौथं पुडकं मी तिच्या हातातून घेऊन उघडलं. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर टिकली चिकटवलेली. सकाळच्या गोळीला तांबडी, रात्रीच्या गोळीला काळी.

मी एकतीस वर्षं लोकांना "दिवसातून दोन वेळा" सांगत आले. समजलं का म्हणून विचारलं की ते मान हलवायचे, आणि महिन्याने साखर वाढवून परत यायचे, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. त्यांना अक्षर कळत नाही पण रंग कळतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला त्या गाडीत स्वतःची लाज वाटली. तिच्याबद्दल जे निम्मं खरं मानलं होतं त्याची तर जास्तच.

परतीच्या फेरीत गाडी थोडी मोकळी झाली तेव्हा तिने सांगितलं. तीन वर्षं चाललं होतं. या वाड्यांतली कर्ती माणसं मुंबईला, घरी म्हातारी. औषधाच्या एका पट्टीसाठी शहरात यायचं तर दिवस जातो आणि गुडघे जातात. एकीने चिठ्ठी दिली, मग दुसऱ्याने. ड्युटी संपली की ही दुकानात रांग लावायची, रात्री घरी टिकल्या लावायची, सकाळी गाडीत. मी विचारलं, मंडळीत का नाही सांगितलंस?

"कुणी विचारलं नाही, सिस्टर. तुम्ही सेवा विचारलीत, ती मी लिहिली."

आणि मग तिने आणखी एक सांगितलं. माझा फॉर्म आल्यावर ती दोन दिवस अस्वस्थ होती. आगारात बसून करायचं काम मागावं, म्हणजे रविवार मोकळा होईल, मुलींनाही बरं वाटेल, असा अर्ज तिने लिहून ठेवला होता. तो तिच्या तिकिटांच्या मशीनखाली, पर्समध्ये होता. मी तो मागून घेतला, वाचला आणि घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, हा द्यायचा नाही, रविवारचं मी बघते. त्या दिवशी मी ठरवलं की आमच्या मंडळीचं तोंड मी चर्चच्या बाहेर फिरवणार, मग कुणाला आवडो न आवडो.

पंचांच्या सभेत मी सगळं मांडलं. चर्चमध्ये काम करायला माणसं शोधणं बंद करा. माणसं जिथे काम करताहेत तिथे त्यांच्या पाठीशी उभं राहायला मंडळी आहे. आमच्यात सर्वांत वडीलधारे निवृत्त हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हे देवाचं घर आहे, औषधाचं दुकान नव्हे." मी म्हटलं, औषधाचं दुकान झालो तर निदान कुणाच्या उपयोगाला तरी येऊ.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण, नगरकडचे. आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली तरी त्यांना आमटीत कोकम घालायची सवय झाली नव्हती. ते म्हणाले, तुम्ही जगाचं मीठ आहात, जगाचा उजेड आहात, हे येशूचे शब्द मी तीन वर्षं इथे सांगतोय, पण आपली माणसं सोमवारी कुठे असतात ते मला माहीत नाही, ही माझी चूक आहे. पाळकाने अशी चूक कबूल केल्यावर पंचांना विरोध करणं अवघड जातं. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. गुरुजींनी विरोधात मत दिलं आणि तसं लिहूनही घ्यायला लावलं. मी लिहिलं.

मी फॉर्म नव्याने काढला. सेवेचा रकाना खोडून टाकला. त्याऐवजी विचारलं, सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे असता, आणि तिथे कुणाची अडचण तुम्हाला दिसते? या वेळी लोकांना जागा पुरली नाही, पाठीमागे लिहिलं. सेवानिवृत्त शिपाई रोज कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून खेड्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देत होता, चहासुद्धा घेत नव्हता. गुडघेदुखीच्या बाईंच्या ओटीवर परीक्षेला आलेल्या मुली डबा खायच्या, त्या त्यांना पाणी द्यायच्या, संडास दाखवायच्या. गॅरेजवाल्याने लिहिलं होतं, शाळेच्या रिक्षांचे ब्रेक मी आधी करतो, बाकीच्या गाड्या नंतर. म्हणजे सेवा सगळ्यांची चालूच होती, आमचीच नजर छताच्या जळमटांवर होती.

एकेकाच्या मागे दोघं-तिघं उभे करायचे, एवढीच आमची योजना. शिपायाला कागद आणि कार्बन आणून देणारा एक, गुडघेदुखीच्या बाईंकडे परीक्षेच्या दिवसांत सकाळी झाडलोट करायला एक. रविवारी प्रार्थनेत पाळकसाहेब एकेकाच्या कामाचं नाव घेऊन प्रार्थना करू लागले. त्याआधी आठवड्यात त्या ठिकाणी जाऊन यायचे. गॅरेजात गेले त्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला ऑइल लागलं आणि तेच त्यांनी रविवारी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

कंडक्टरच्या मागे सर्वांत जास्त माणसं लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चर्चच्या बाजूच्या खोलीत आम्ही बसायचो. चिठ्ठ्या लावायच्या, औषधं आणायची, डॉक्टरच्या कागदाशी मी ताडून बघायची, मग टिकल्या. महिला मंडळातल्या ज्या दोघींनी कुजबुज केली होती त्याच आता टिकल्यांच्या पाकिटांवर भांडायच्या. मरून रंग तांबड्यात धरायचा की नाही यावर एकदा पाऊण तास गेला. गुरुजी पहिल्या शुक्रवारी "नुसतं बघायला" आले. दुसऱ्या शुक्रवारी चष्मा घेऊन आले आणि पुडक्यांवर नावं घालायला लागले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांतल्या निम्म्यांना ते वाचता येत नव्हतं, पण ते त्यांना सांगण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

कंडक्टर आता ड्युटी संपल्यावर सरळ घरी जायची. तिची धाकटी मुलगी मला एकदा म्हणाली की आई आता आमच्याबरोबर जेवते. हे सगळं इथेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पण मला कुणाचं काम दिसल्याशिवाय राहवत नाही, आणि दिसलं की ते चार लोकांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. पावसाळा तोंडावर आला होता, कागदी पुडकी भिजणार होती. मी स्वतः ओळखीच्या छापखान्यात गेले आणि कापडी पिशव्या करून आणल्या. पांढऱ्या, नीट शिवलेल्या. वर निळा क्रूस, खाली आमच्या मंडळीचं नाव ठसठशीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पाळकसाहेब म्हणाले, छान आहेत, पण नावाची गरज आहे का? मी म्हटलं, चांगल्या कामाला लपवायचं कशाला.

कंडक्टरने पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली. "सिस्टर, साध्या नव्हत्या का?"

"तुला आपल्या मंडळीची लाज वाटते का?"

हे मी बोलले. शब्द जसेच्या तसे. ती पिशव्या घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी पिशवीचा फोटो काढला. तो वाडीच्या मोबाईलच्या ग्रुपवर गेला आणि तिथून मुंबईला गेला. कुणी खाली लिहिलं, बसमधून धर्माचा प्रचार चाललाय. कुणी लिहिलं, आज गोळी देतायत, उद्या काय देतील. मुंबईहून मुलांचे आयांना फोन आले, त्या बाईकडून काही घ्यायचं नाही. आगारात लेखी तक्रार आली. तिच्याकडे खुलासा मागितला गेला, आणि चौकशी होईपर्यंत गाडीवरून उतरवून तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. यात मी आगाराला दोष देत नाही. तक्रार लेखी होती आणि पिशवी माझी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण तिच्या वाट्याला आलं.

खिडकीतल्या कामात तिला रविवारची सुट्टी मिळाली. त्या रविवारी ती चर्चला आली. दोन्ही मुलींना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली, सगळी गाणी म्हणाली. लोक तिला दारात सलाम करून म्हणत होते, बरं झालं, आता दर रविवारी भेट होईल. मी फॉर्म काढला तेव्हा मला हेच हवं होतं. आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

उपासना संपल्यावर ती माझ्या घरी आली. मी चहा ठेवला, तिने घेतला नाही. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला माझं काम आवडलं, म्हणून तुम्ही त्याच्यावर तुमचं नाव घातलंत," ती म्हणाली. "ती माणसं माझ्याकडून घेत होती, सिस्टर. चर्चकडून नाही. मी चर्चची आहे ते त्यांना माहीत होतं, मी कधी लपवलं नव्हतं. कुणाला काही वाटत नव्हतं."

मग तिने सांगितलं की आठ दिवस झाले, तिठ्यावरच्या आजींच्या साखरेच्या गोळ्या संपल्या असणार. जखम आहे त्यांच्या पायाला. एवढं सांगून ती उठली. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

संध्याकाळी पंचांची तातडीची सभा झाली. कुणी म्हणालं निवेदन काढू या, कुणी म्हणालं थोडे दिवस सगळंच बंद ठेवू. मला वाटलं होतं गुरुजी म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बंद करायचं नाही. विरोधातलं माझं मत कागदावर आहे, ते असू दे. म्हातारी माणसं गोळ्यांची वाट बघतायत." त्यांच्याबद्दल मी मनात जे जे बोलले होते ते सगळं मला तिथे परत घ्यावं लागलं.

सोमवारी मी आगारात जाऊन लिहून दिलं की पिशव्या मी छापल्या, त्या बाईला नको होत्या, मी तिच्या गळ्यात मारल्या. तिथल्या साहेबांनी वाचलं, कागद ठेवून घेतला, आणि सरळ सांगितलं की तक्रार गावातून आली आहे, गावातून शब्द आला तर पुढचं बघता येईल. मी म्हटलं, आणते.

मंगळवारी आम्ही पुडकी जुन्या वर्तमानपत्रात बांधली, वर प्लास्टिकची साधी पिशवी. मी अर्धं तिकीट काढून त्याच गाडीने निघाले. कंडक्टर नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. तिठ्याला मी उतरले. म्हातारी तिथे नव्हती. घर विचारत विचारत दगडी गडग्याच्या कडेने गेले, तर ती पडवीत पाय लांब करून बसली होती. घोट्यावरची जखम मी लांबूनच पाहिली. कडा काळवंडायला लागल्या होत्या. ती बघायला मला कुणाची परवानगी लागत नाही असं वाटून मी खाली बसलेच, तर तिने पाय ओढून घेतला.

"पोरान माज्या फोन केलान," ती म्हणाली. "कोनाकडनं काय घेव नको बोललान."

मी म्हटलं, लावा फोन पोराला, मी बोलते. तिने खूप वेळ घेऊन फोन लावला आणि कानाला न लावताच माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस कुठल्याशा कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. तो चिडून बोलला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "तुम्ही बदल्यात काय मागणार ते आधीच सांगा. मी इतक्या लांब आहे, मागून कळून उपयोग नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते चांगलं झणझणीत होतं. पण समोर तो पाय होता. मला एकदम कळलं की हा माणूस आमच्यावर रागावलेला नाही, तो घाबरलेला आहे. आई एकटी, पोरगा तिकडे, आणि पिशवीवर अनोळखी नाव. मी त्याच्या जागी असते तर मीही असाच फोन केला असता.

"काही मागणार नाही," मी म्हणाले. "पिशवीवर नाव घातलं ती माझी चूक. त्या बाईची नाही. ती तीन वर्षं तुमच्या आईला गोळ्या देत होती, तेव्हा नाव नव्हतं. मला माफ करा. आणि आता ऐका, तुमच्या आईच्या पायाची जखम चिघळते आहे. गोळ्या बंद होऊन दहा दिवस झालेत."

मग त्याने विचारलं, पाय कापावा लागेल का. मी म्हटलं, आजपासून नीट बघितलं तर नाही. तो म्हणाला, बघा. मग म्हणाला, ग्रुपवर मीच पहिलं लिहिलं होतं, मीच लिहितो परत, आगारातही फोन करतो. मी फोन म्हातारीच्या हातात दिला.

जखम धुऊन बांधेपर्यंत ती माझं तोंड न्याहाळत होती. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "तू तिची कोन गो?"

तिची म्हणजे कंडक्टरची. आयुष्यभर मी या प्रश्नाला लांबलचक उत्तर देत आले आहे, हुद्द्यासकट. त्या दिवशी तेवढं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हटलं, मी तिची मदतनीस. तिने मान डोलावली. तिला ते पटलं.

पुढचे सोळा दिवस आम्ही पाळीपाळीने तिकीट काढून त्या गाडीने गेलो. पाळकसाहेब गेले, टिकलीवाल्या दोघी गेल्या, गुरुजी एकदा गेले आणि पाखाडी चढून दमून आले. दोन घरांनी पुडकं घेतलं नाही. त्यांनी अजूनही घेतलेलं नाही. त्यांच्या दारावरून आम्ही नमस्कार करून पुढे जातो. सतराव्या दिवशी कंडक्टर तिच्या गाडीवर परत गेली. पुडक्यांचं काम उघडपणे चालू राहिलं, आगाराला कळवून, त्यांच्या नियमात बसवून, वर्तमानपत्रात बांधून.

तेव्हापासून ती रविवारी चर्चला येत नाही. येते ती शुक्रवारी, ड्युटी संपल्यावर, चिठ्ठ्या द्यायला. तेव्हा पाळकसाहेब त्या बाजूच्या खोलीतच, टिकल्यांची पाकिटं थोडी बाजूला सारून, आमच्याबरोबर प्रार्थना करतात. सात-आठ जण असतो. ती तिची उपासना, आणि आता थोडी आमचीही.

अशाच एका शुक्रवारी मी गुरुजींशी वाद घालत होते. त्यांनी एका पुडक्यावर नावाबरोबर वाडीचा सगळा पत्ता लिहिला होता आणि गोळ्यांची वेळ लिहायला जागाच ठेवली नव्हती. माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात असावा. कंडक्टर आत आली, चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, तिठ्यावरच्या आजींनी तुमची चौकशी केली.

मी विचारलं, पाय कसा आहे? बरा आहे म्हणाली, जखम भरली. मग हसायला लागली. मी म्हटलं, काय विचारलं त्यांनी ते तरी सांग. तिने आजींचा आवाज काढून सांगितलं.

"तुज्या हाताखालची ती बाय बरी हाय ना? तोंडान जरा फटकळ हाय, पन कामाची हाय. ठेव तिला."

टिकलीवाल्या दोघींनी हसू लपवायला माना खाली घातल्या. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कंडक्टर अजून हसत होती.

"मग काय करू, सिस्टर? ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले, आणि तिच्या चिठ्ठ्या पुढे ओढून घेतल्या.